गर्दी एफएमवर, ओस मध्यम लहरी

गेल्या पावसाळ्यात गावी होतो. रात्री आठच्या सुमारास लाइट गेली. फडताळातला जुना दोन बँडचा ट्रान्झिस्टर काढला, सेल घातले आणि अंधारात नुसती सुई फिरवत बसलो. संध्याकाळी हाच सेट लावून पाहिला होता, तेव्हा मिडियम वेव्हच्या पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच घरघर होती. आता मात्र कन्नड बातम्या लागल्या. जरा पुढे तमिळ गाणं, मग उर्दू निवेदन, मग एकमेकांच्या उरावर बसलेली दोन स्टेशनं आणि त्यांच्यामधून निघणारी बारीक शिट्टी. अर्ध्या तासाने लाइट आली. गल्लीतले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, शेजारचा इन्व्हर्टर, सगळं एकदम सुरू झालं आणि कन्नड बातम्या पुन्हा घरघरीत बुडाल्या.

मध्यम लहरींवरचा एएम रेडिओ मेला असं आपण म्हणतो, त्यातला बराच भाग एवढाच आहे. लहरी येत असतात, आपल्या घरातली विजेची उपकरणं त्यांच्यावर ओरडत असतात.

हे आठवायचं कारण असं की, एफएमवर जागा उरली नाही, तर मग मध्यम लहरी पुन्हा का वापरू नयेत, हा प्रश्न जगात बऱ्याच ठिकाणी विचारला गेला आहे. काही देशांनी त्याचं उत्तर होकारार्थी दिलं, काहींनी जुने मनोरे सुरुंग लावून पाडले. आपल्याकडे हा प्रश्न अजून नीट विचारलाच गेलेला नाही. म्हणून हा आढावा.

आधी गर्दीचं पाहू. एफएमची पट्टी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे २० मेगाहर्ट्झ रुंद. आपल्याकडे एका शहरातल्या दोन एफएम केंद्रांमध्ये ८०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. भागाकार केला तर एका शहरात जेमतेम पंचवीस जागा निघतात. त्यातल्या काही आकाशवाणीच्या, काही सामुदायिक रेडिओच्या, काही ज्ञानवाणीसारख्या शैक्षणिक वाहिनीच्या. उरलेल्या खासगी कंपन्यांसाठी लिलावात. २०१५ च्या लिलावात मुंबईच्या एका वाहिनीची बोली शंभर कोटींच्या पुढे गेली. एवढे पैसे मोजून घेतलेल्या जागेवर कोणी संगीत नाटकांचा इतिहास किंवा भाताच्या रोगांची माहिती सांगणार नाही. म्हणून मुंबईत सुई कुठेही थांबवा, बहुतेक ठिकाणी हिंदी सिनेमाचं तेच गाणं दोन मिनिटांच्या फरकाने लागतं. खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावण्याची तेवढी मुभा आहे. तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्या, अशी शिफारस ट्राय या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये केली आहे.

ही गर्दी सगळीच निसर्गाने केलेली नाही. ८०० किलोहर्ट्झचं अंतर ४०० वर आणा, जागा दुप्पट होतील, असं ट्रायनेच २०१२ साली सुचवलं होतं. शिवाय गर्दी आहे ती महानगरांत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतल्या ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. म्हणजे तालुक्याच्या गावांकडे पट्टी अजून बरीचशी मोकळी आहे. एफएम भरलं म्हणून एएम आणा, हा युक्तिवाद मुंबई-दिल्लीसाठी खरा आहे, माणदेशासारख्या ग्रामीण भागासाठी नाही. माणदेशाला एएमची गरज असलीच तर ती वेगळ्या कारणाने आहे. त्याकडे येतो.

आता मध्यम लहरींची पट्टी. ती ५२६.५ पासून १६०६.५ किलोहर्ट्झपर्यंत. १९७५ साली जिनिव्हात ठरलेल्या आराखड्याप्रमाणे आशिया, युरोप आणि आफ्रिकेत दर ९ किलोहर्ट्झला एक, अशा या पट्टीत १२० जागा आहेत. सगळी पट्टी मिळून रुंदी १,०८० किलोहर्ट्झ. म्हणजे मुंबईतल्या दोन शेजारी एफएम केंद्रांमध्ये जी मोकळी पडवी सोडलेली असते, तिच्यापेक्षा थोडीशीच मोठी. त्या एवढ्याशा जागेत एकेकाळी अर्ध्या जगाचा रेडिओ नांदत होता.

कमी जागेत एवढं बसतं त्याची किंमत आवाजाला द्यावी लागते. ९ किलोहर्ट्झच्या खोलीत साडेचार किलोहर्ट्झपर्यंतचाच नाद मावतो. एफएमवर तो पंधरापर्यंत जातो. बोलणं स्पष्ट कळतं, तबल्याच्या चाटीची धार जाते, झांजा तर पत्र्यावर वाजवल्यासारख्या येतात. तरीही आपल्या दोन-तीन पिढ्यांनी शास्त्रीय संगीत याच पट्टीवर ऐकलं आणि कान तयार केले, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्या बदल्यात मध्यम लहरीला एक गोष्ट येते जी एफएमला कधीच येणार नाही. ती जमिनीला धरून चालते. एफएम हे नजरेच्या रेषेतलं काम. मनोरा दिसला तर आवाज, डोंगर आडवा आला की खरखर. पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या कोणालाही विचारा, घाटाच्या तिसऱ्या वळणाला गाणं तुटतं. मध्यम लहर शेकडो मीटर लांबीची असल्याने डोंगराच्या कुशीतून वळसा घालून दरीत उतरते. पुणे केंद्राची लहर ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे ३७८.८ मीटर. एवढ्या लांबीच्या लहरीला टेकडी म्हणजे फार तर रस्त्यातला गतिरोधक. ओली काळी माती तिला चांगली मानवते, कोरडा कातळ कमी मानवतो. सगळ्यात मानवतं ते खारं पाणी. समुद्रावरून ती कितीतरी लांब जाते. रत्नागिरीचं ११४३ किंवा पणजीचं १२८७ किलोहर्ट्झवरचं प्रक्षेपण किनाऱ्यावरच्या गावांपेक्षा होडीतल्या माणसाला जास्त उपयोगाचं, ते यामुळे. मोबाइलची रेंज किनारा सोडला की थोड्याच अंतरात संपते.

रात्री प्रकार वेगळा. दिवसा वातावरणाच्या वरच्या थरांपैकी एक थर या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. म्हणूनच आमच्या गावात कन्नड आणि तमिळ एकाच पट्टीवर भेटतात. आकाशवाणीने १८ मे १९८८ रोजी राष्ट्रीय वाहिनी सुरू केली तेव्हा नागपूरला १५६६ किलोहर्ट्झवर एक मेगावॉटचा, म्हणजे हजार किलोवॉटचा ट्रान्समीटर वापरला. देशाच्या मध्यावरून रात्रभर अख्ख्या देशात आवाज पोचवायचा, अशी ती कल्पना होती. २०१८ च्या डिसेंबरात प्रसार भारतीने ती वाहिनी बंद करायचं ठरवलं.

ती एकटी नव्हती. सांगलीचं १२५१, परभणीचं १३०५, जळगावचं ९६३ हे आकडे ज्यांच्या तोंडी अजून आहेत त्यांना ठाऊक आहे की, गेल्या काही वर्षांत आकाशवाणीचा सगळा ओढा एफएमकडे आहे. जुन्या मध्यम लहरी ट्रान्समीटरचे सुटे भाग मिळत नाहीत, वीज फार खातात आणि ऐकणारे कमी, अशी कारणं दिली जातात. तिन्ही खरी आहेत. २८ एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधानांनी एका दिवसात ९१ एफएम ट्रान्समीटरचं उद्घाटन केलं. प्रत्येकी फक्त १०० वॉटचे. सरकारला रेडिओ नकोसा झालेला नाही, त्याला स्वस्त आणि जवळचा रेडिओ हवा आहे.

विजेचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. १०० किलोवॉटचा जुना ट्रान्समीटर मुख्य लाइनवरून दीडशे किलोवॉट ओढतो असं धरू. दिवसाला अठरा तास चालवला तर २,७०० युनिट. युनिटला नऊ रुपये धरले तर रोजचे चोवीस हजार तीनशे रुपये, वर्षाला सुमारे नव्वद लाख. केवळ विजेचे. यातली गंमत अशी की, एएममध्ये बरीचशी शक्ती नुसती वाहक लहर चालवण्यात जाते. पूर्ण मॉड्युलेशन असतानाही दोन तृतीयांश शक्ती त्या वाहक लहरीचीच. निवेदक श्वास घ्यायला थांबला तरी मीटर फिरत असतो. नव्या ट्रान्समीटरमध्ये शांततेच्या क्षणी वाहक लहर कमी-जास्त करून वीज वाचवण्याची सोय असते. पण मुळात शंभर किलोवॉट लागतंच कशाला, हा प्रश्न आधी यायला हवा.

कारण आपल्याकडे रेडिओ शंभर किलोवॉटवर सुरू झाला नव्हता. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन केलं. कंपनी खासगी, लहर मध्यम आणि ट्रान्समीटर दीड किलोवॉटचा. मुंबईच्या आजूबाजूला तीसेक मैल नीट ऐकू येईल एवढाच पल्ला. म्हणजे आजच्या भाषेत ते स्थानिक खासगी एएम केंद्रच होतं. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत, १९३० च्या मार्चमध्ये, कंपनी दिवाळ्यात निघाली. का, ते पुढे.

बाहेर काय झालं? सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट लंडनची आहे आणि ती आपल्याच माणसांशी जोडलेली आहे.

१९८० च्या दशकात ब्रिटनमधली बरीच व्यापारी केंद्रं एकच कार्यक्रम एएम आणि एफएम दोन्हींवर लावत. सरकारने दशकाच्या शेवटी त्यांना बजावलं की, दोन्ही जागा वेगवेगळ्या वापरा, नाहीतर एक परत करा. धमकी लागू पडली. लंडनच्या कॅपिटल रेडिओने एफएमवर नवी गाणी ठेवली आणि एएमवर जुन्या गाण्यांची ‘कॅपिटल गोल्ड’ वाहिनी काढली. ओस पडू लागलेली पट्टी एका नियमाने पुन्हा गजबजली. त्याच सुमाराला छोट्या समाजगटांसाठी नवे परवाने निघाले. लंडनमध्ये एफएमची जागा मिळणं कठीण, म्हणून दक्षिण आशियाई लोकांसाठीचं सनराइज रेडिओ नोव्हेंबर १९८९ मध्ये साउथॉलहून मध्यम लहरींवर सुरू झालं. १९९० मध्ये अनेक भाषिक गटांना ठराविक वेळ विकणारं स्पेक्ट्रम रेडिओ ५५८ किलोहर्ट्झवर आलं. आकाशवाणीच्या मुंबईच्या अस्मिता वाहिनीचाही आकडा ५५८ च, हा निव्वळ योगायोग. पुढे साउथॉललाच पंजाबी ‘देसी रेडिओ’ १६०२ किलोहर्ट्झवर आला, लेस्टरमध्ये सबरस १२६० वर आला. बीबीसीची एशियन नेटवर्क ही वाहिनीही अनेक वर्षं मध्यम लहरींवर होती. गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू बोलणाऱ्यांच्या लग्नाच्या जाहिराती, मयताच्या बातम्या, घराच्या कर्जाचे सल्ले, क्रिकेटवरची भांडणं, सगळं त्या बारीक, थोड्या घुसमटलेल्या आवाजात चालत होतं.

मुद्दा असा की, एफएमवर ज्यांना जागा परवडली नसती त्यांना एएमने जागा दिली आणि त्यांनी ती गाण्यांच्या नादासाठी नाही, बोलण्यासाठी वापरली. अमेरिकेतही कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचं केएलओके हे ११७० किलोहर्ट्झवरचं जुनं केंद्र दक्षिण आशियाई श्रोत्यांकडे वळलं, त्यामागचं गणित असंच होतं. स्थलांतरितांचा रेडिओ जगभर एएमवर सापडतो, कारण भाड्याची खोली स्वस्त तिथे मिळते.

ब्रिटनमध्ये हेही वैभव टिकलं नाही. डीएबी हा डिजिटल रेडिओ आला, त्यातही छोट्या केंद्रांसाठी स्वस्त डीएबी आला आणि एएमची खोली सोडून लोक तिकडे गेले. अॅब्सोल्यूट रेडिओने जानेवारी २०२३ मध्ये मध्यम लहरींवरचं देशव्यापी प्रक्षेपण थांबवलं. पण पंचवीस-तीस वर्षं त्या पट्टीने काम केलं. एखाद्या माध्यमाला एवढं आयुष्य पुरे आहे.

युरोपच्या मुख्य भूमीवर दुसरं टोक पाहायला मिळतं. जर्मनीच्या डॉयचलँडफुंकने ३१ डिसेंबर २०१५ ला मध्यम लहरी बंद केल्या, फ्रान्सच्या सार्वजनिक रेडिओने त्याच दिवशी, इटलीच्या राईने ११ सप्टेंबर २०२२ ला. नेदरलँड्सच्या ‘रेडिओ ५’ ने १ सप्टेंबर २०१५ ला ७४७ किलोहर्ट्झ सोडलं. मोठे मालक वाडे सोडून गेले. मग गंमत झाली. डच सरकारने रिकाम्या पट्टीवर अगदी छोट्या शक्तीचे परवाने द्यायला सुरुवात केली, एक वॉटपासून शंभर वॉटपर्यंत. त्या देशात बिनपरवाना मध्यम लहरी चालवणाऱ्या हौशी चाच्यांची जुनी परंपरा आहे. त्यांच्यातल्या अनेकांनी अर्ज केले आणि रीतसर केंद्रचालक झाले. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या परिसरात ‘रेडिओ २०८’ हे १४४० वर आणि ‘वर्ल्ड म्युझिक रेडिओ’ ९२७ वर चालतं. इटलीनेही खासगी केंद्रांना मध्यम लहरी खुल्या केल्या, जिथे पूर्वी फक्त राईचा हक्क होता.

या छोट्या केंद्रांच्या मागे कोणी शेठजी नाहीत. बहुतेक ठिकाणी निवृत्त अभियंते, जुन्या तबकड्यांचे शौकीन, एखाद्या गावाची मंडळी. म्हणूनच ती टिकतात आणि म्हणूनच त्यांचं जाळं होत नाही.

ब्राझील आणि जपान यांनी मात्र याच प्रश्नाचं उलट उत्तर दिलं. ब्राझीलमध्ये हजाराहून जास्त एएम केंद्रं होती, आवाज खराब, श्रोते पळालेले. २०१३ साली सरकारने त्यांना एफएमवर यायची परवानगी दिली. मोठ्या शहरांत एफएमवर जागाच नाही म्हटल्यावर त्यांनी पट्टीच लांबवली. अॅनालॉग टीव्हीने मोकळी केलेली ७६ ते ८८ मेगाहर्ट्झची जागा एफएमला दिली आणि तिथे २०२१ पासून केंद्रं सुरू झाली. जपानने ९० ते ९५ मेगाहर्ट्झची पट्टी ‘वाइड एफएम’ म्हणून एएम केंद्रांना दिली. २०२१ मध्ये तिथल्या ४७ व्यापारी एएम कंपन्यांपैकी ४४ जणांनी २०२८ पर्यंत एफएमकडे जायचा इरादा जाहीर केला. भूकंप आणि सुनामी यांच्या देशाने हे करावं, याचं नवल वाटतं. पण एएमचा उंच मनोरा नदीकाठच्या सखल, ओल्या जमिनीत रोवलेला असतो आणि पूर आला की आधी तोच पाण्यात जातो, हेही खरं आहे.

अमेरिकेची कहाणी लांब आहे, थोडक्यात सांगतो. १९८० च्या सुमारास तिथे एएम स्टिरिओ आणायचं ठरलं. कुठली पद्धत वापरायची ते नियामकाने ठरवलं, मग माघार घेऊन बाजारावर सोडलं. पाच-सहा पद्धती भांडत राहिल्या आणि १९९३ साली एक पद्धत अधिकृत ठरली, तोवर कोणाला स्टिरिओ एएमची आठवणही नव्हती. २०१३ पासून तिथल्या नियामकाने ‘एएमचं पुनरुज्जीवन’ हाती घेतलं. त्यातला सर्वात लोकप्रिय उपाय काय ठरला? एएम केंद्राला एफएमवर छोटा सहाय्यक ट्रान्समीटर देणं. म्हणजे आजारी माणसाला बरं करण्याऐवजी शेजारच्या घरात हलवणं. ऑक्टोबर २०२० मध्ये पूर्ण डिजिटल एएमलाही परवानगी मिळाली, पण त्यासाठी जुने सगळे सेट निरुपयोगी होतात, म्हणून फारसं कोणी पुढे आलं नाही. आता वाद गाड्यांचा आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटरचा गोंगाट एएमवर येतो, म्हणून काही कंपन्यांनी एएम काढून टाकलं. फोर्डने तसं जाहीर केलं आणि मे २०२३ मध्ये ओरड झाल्यावर मागे घेतलं. प्रत्येक गाडीत एएम सक्तीचं करणारं विधेयक त्याच महिन्यात तिथल्या संसदेत आलं. आपत्तीच्या वेळी दूरवर पोचणारा एकमेव आवाज, हा त्यामागचा युक्तिवाद.

आपल्याकडचा अधिकृत मार्ग डिजिटलचा. डीआरएम ही पद्धत आकाशवाणीने उचलली. पस्तीसेक मध्यम लहरी ट्रान्समीटर डीआरएमसाठी सज्ज केले. या पद्धतीत आवाज एफएमसारखा स्वच्छ येतो, एकाच लहरीवर दोन-तीन कार्यक्रम बसतात, वीज वाचते. कागदावर सगळं उत्तम. पण डिजिटलला मधली अवस्था नसते. येतं ते लख्ख, नाहीतर शून्य. खरखरीतून अर्धी बातमी कान लावून पकडण्याची सोय गेली. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे ऐकायचं कशावर? गाड्यांच्या काही मॉडेलमध्ये डीआरएम सेट आले, लाखो गाड्या आहेत त्यांत. पण चालवणाऱ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक आहे? दुकानात जाऊन ‘डीआरएम रेडिओ द्या’ म्हणून पाहा. मी पाहिलं. दुकानदाराने मला एफएम असलेला ब्लूटूथ स्पीकर दाखवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रायने खासगी डिजिटल रेडिओची जी शिफारस केली, तीही एफएमच्या पट्टीतल्या प्रक्षेपणाची, मुंबई, पुणे, नागपूर धरून १३ मोठ्या शहरांसाठी. मध्यम लहरींचा विचार त्यातही नाही.

सेटच नाही, इथे आपण पुन्हा १९२७ पाशी येतो. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी बुडाली ती ट्रान्समीटर लहान होता म्हणून नव्हे. देशभरातले रेडिओ परवाने १९२९ च्या अखेरीलाही आठ हजारांच्या आत होते. ऐकणारेच नव्हते. घराघरात जे सेट होते ते आज माळ्यावर गेले आणि हातात आला तो मोबाइल. बऱ्याच मोबाइलमध्ये एफएमची चिप असते, सरकारने २०२३ साली ती चालू ठेवा असं कंपन्यांना सांगितलंही. पण मध्यम लहर पकडायला फेराइटची कांडी आणि तिच्यावर तारेचं वेटोळं लागतं, ते मोबाइलच्या जाडीत मावत नाही. हेडफोनची वायर एफएमला अँटेना म्हणून चालते, मध्यम लहरीला नाही. हा प्रश्न कायद्याने सुटणारा नाही.

आता माणदेश. म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ पासून ९०.४ मेगाहर्ट्झवर चालते. सामुदायिक केंद्राला नियमाने सहसा शंभर वॉटची मर्यादा, पल्ला फार तर दहा-पंधरा किलोमीटर. माण तालुका पसरलेला, वाड्या विखुरलेल्या, मध्ये टेकड्या. चारा छावणीची बातमी, टँकरची वेळ, शेळ्यांच्या लसीकरणाची तारीख, हे सगळं त्या दहा किलोमीटरच्या बाहेरच्या वाडीलाही हवं असतं. इथे एफएमवर गर्दी नाही, तरी एफएम पुरत नाही. एक किलोवॉटचं मध्यम लहरींचं केंद्र दिवसा तालुक्याच्या सीमा सहज ओलांडेल. पट्टीच्या वरच्या टोकाला, १६०२ किलोहर्ट्झच्या आसपास, चतुर्थांश लांबीचा मनोरा ४७ मीटरचा पुरतो. ५५८ ला तोच १३४ मीटरचा लागतो. मनोऱ्याच्या पायापासून चारी दिशांना जमिनीत तांब्याच्या तारा पुराव्या लागतात, आणि तांब्याचा भाव चोरांनाही ठाऊक असतो. हे सगळं मान्य.

माझं मत सांगून टाकतो. मध्यम लहरींवर गाण्यांची केंद्रं उभी करायचा प्रयत्न करू नये. ती लढाई एफएमने जिंकली आणि एफएमची लढाई आता मोबाइल डेटा जिंकतोय. शंभर किलोवॉटचे हत्तीही प्रत्येक जिल्ह्यात पोसायची गरज नाही. नागपूर, मुंबई, पणजीसारखे मोजके मोठे ट्रान्समीटर आपत्ती आणि समुद्र यांसाठी ठेवावेत. बाकी पट्टी छोट्या, फक्त दिवसा चालणाऱ्या, बोलण्याच्या केंद्रांना द्यावी: कृषी विद्यापीठं, मच्छीमार सोसायट्या, नगरपालिका, घाटातले वाहतूक पोलीस. अमेरिकेत महामार्गांवर दहा वॉटची माहिती केंद्रं १९७७ पासून परवान्याने चालतात. बोर घाटात दरड कोसळली तर गाडीच्या स्टिरिओवर ते कळायला काय हरकत आहे? गाड्यांत एएम अजून आहे. आज सेट जिवंत आहे तो गाडीत, होडीत आणि म्हाताऱ्यांच्या उशाशी. केंद्रं तिथूनच सुरू व्हावीत. दिवसापुरती ठेवली तर रात्री शेकडो किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्राशी भांडणही होणार नाही.

आणि आकाशवाणीचे जे मनोरे बंद पडतील त्यांची जमीन विकण्याआधी कोणाला भाड्याने हवी आहे का, हे एकदा विचारावं. आकाशवाणीच्या मालाडच्या मनोऱ्यांखालची खाडीकाठची ओली, खारी जमीन मध्यम लहरीला जेवढी अनुकूल आहे, तेवढीच बिल्डरलाही आहे. एकदा तारा उपटल्या आणि पाया भरला की, तिथे पुन्हा मनोरा उभा राहणार नाही.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सांगितलं. त्यानंतर आलेली खासगी रेडिओची सगळी धोरणं एफएमची, सामुदायिक रेडिओचं धोरणही एफएमचं. मध्यम लहरींच्या १२० जागांपैकी एकही जागा आकाशवाणीखेरीज कोणाला मागता येईल असा अर्जाचा नमुनाच आजवर छापला गेलेला नाही.